उसनं विरजण

माझ्या पोराच्या टाळूला माझ्या नणंदेचा वास येतो. हे वाक्य मी पहिल्यांदा मोठ्यानं म्हटलं तेव्हा माझा नवरा म्हणाला, "तुला झोप कमी पडतेय." बायकोला काही नीट कळलं की नवऱ्यांना नेमकी तिची झोप आठवते, हे मी तेव्हाच ओळखायला हवं होतं.

पण सुरुवातीपासून सांगते, नाहीतर तुम्हीही म्हणाल, बाई भांडकुदळ दिसते. भांडकुदळ मी आहेच. सांगलीत गाडी शिकवते. आता गाड्या आपल्या आपण चालतात, तरी परवान्यासाठी एकदा हातपाय हलवून दाखवावे लागतात, म्हणून आमचा धंदा अजून तग धरून आहे. शिकाऊ माणूस स्टिअरिंग घट्ट धरून बसतो आणि माझ्या पायाखाली दुसरा ब्रेक असतो. गाडी आपणच चालवतोय असं त्याला वाटत असतं. मी वाटू देते, त्यानं त्याची भीती जाते.

टिल्लू चार महिन्यांचा झाला आणि त्याच्या गालांवर लाल चट्टे उठले. पाळण्यातलं नाव आरोह, पण हाक टिल्लूच. चट्टे गालांवरनं गळ्याखाली उतरले, मग कोपरांच्या आत, गुडघ्यांच्या मागे. इसब. खाजवून खाजवून पोर रक्त काढायचं. मी त्याच्या हातांना माझे पायमोजे बांधले, तर तो गाल चादरीवर घासायचा. खोबरेल झालं, कडुलिंबाचं पाणी झालं, दुधाची साय झाली. डॉक्टरांनी दिलेलं स्टेरॉइडचं मलम लावलं की चट्टे मावळायचे, थांबवलं की पुन्हा वर यायचे. त्याला अंघोळ मीच घालायची, मालिश मीच करायची, टाळू मीच भरायची. दुसऱ्या कुणाचा हात लागू देत नव्हते. आईच्या हातानं बरं होतं, असं मला वाटायचं.

आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये माझी नणंद राहते, मैत्रेयीताई. ओजसपेक्षा, म्हणजे माझ्या नवऱ्यापेक्षा, बऱ्याच मोठ्या. लग्न केलं नाही, कॉलेजात रसायनशास्त्र शिकवतात. त्यांचं दही म्हणजे सुरीनं कापावं असं लागतं. माझं दही मात्र कधी धड लागत नाही, एक तर चिकट, नाहीतर पाणी. त्यामुळे विरजण कायम ताईंकडचं. त्यांची स्टीलची वाटी, तळाशी नाव कोरलेलं, रोज इकडनं तिकडे जायची. जाताना रिकामी नाही. आलेलं भांडं रिकामं परत करू नये, हे आमच्याकडे पोरांनाही माहीत असतं. काहीच नसलं तर मी चिमूटभर साखर घालायची. ताई हसायच्या, "साखरेवर भागवतेस होय गं?" आणि दिवे लागल्यावर मात्र विरजण मागायचं नाही. एवढ्या रसायनशास्त्राच्या प्राध्यापिका, पण तिन्हीसांजेला दही घराबाहेर काढणार नाहीत.

टिल्लूला नव्या उपचारासाठी न्यायचं ताईंनीच सुचवलं. डॉक्टर खिद्रापुरे म्हणून बाई आहेत, केस पांढरे, बोलणं रोखठोक. त्यांनी टिल्लूच्या पाठीवर रुपयाएवढी चकती टेकवली. समोरच्या पडद्यावर त्याच्या कातडीवर राहणाऱ्या जीवाणूंची गणना येऊन उभी राहिली. बहुतेक सगळा पडदा पिवळा.

"दूध कोमट करून उघडं ठेवलंत आणि विरजण घातलंच नाही, तर काय होतं?" त्यांनी विचारलं.

"नासतं."

"का नासतं?"

"जे पडेल ते त्यात वाढतं."

"झालं तर मग. कातडीचंही तेच." त्यांनी पडद्याकडे बोट केलं. "निरोगी माणसाच्या अंगावर चांगले जीवाणू दाटीवाटीनं राहतात. त्यातले काही स्वतःच प्रतिजैविक बनवतात आणि वाईटाला पाय ठेवू देत नाहीत. इसबात कातडीची भिंत कच्ची असते. चांगले टिकत नाहीत आणि हा पिवळा, सोनेरी स्टॅफ नावाचा वाईट जीवाणू, सगळीकडे पसरतो. तो विष सोडतो, मग खाज. खाजवलं की भिंत आणखी फुटते, की हा आणखी आत."

"मग ते स्टेरॉइडचं मलम?"

"चांगलं औषध आहे, उगाच घाबरू नका. ते आग विझवतं. आग विझली की सोनेरीही कमी होतो. पण मोकळ्या झालेल्या जागेत पुढे कोण येऊन बसणार, हे मलम ठरवत नाही. म्हणून आता विरजण लावायचं."

जवळच्या निरोगी नातलगाच्या दंडावरनं चांगले जीवाणू घ्यायचे, तपासायचे, वाढवायचे, आणि त्यांच्या खाद्यासकट मलमात घालून बाळाच्या अंगाला सकाळ-संध्याकाळ लावायचे. एकदा लागलं की ते तिथंच राहतं, दुसऱ्याला जागा देत नाही. त्या जीवांचा जो वास असतो तोच मग त्या अंगाचा वास होतो, असंही बाई जाता जाता म्हणाल्या. मला तर ते ऐकून उलट आनंदच झाला.

कारण विरजण माझंच असणार होतं. आई आहे मी! तरी बाईंनी आम्हा तिघांचे नमुने घेतले, माझा, ओजसचा आणि ताईंचा. माझे तर नाकातनंसुद्धा घेतले. निकालाच्या दिवशी माझी परीक्षार्थींची तुकडी होती, म्हणून ओजस आणि ताई गेले. संध्याकाळी ओजस पांढरी डबी घेऊन आला आणि म्हणाला, "तुझंच निवडलं."

मी किती नाचले म्हणून सांगू! शेजारी सांगितलं, माहेरी सांगितलं, शिकाऊ लोकांना सिग्नलवर थांबल्या थांबल्या सांगितलं. ताई सोफ्यावर बसून माझ्याकडे बघत होत्या. "पेढे आणा की ताई," मी म्हणाले. त्या उठल्या आणि खरंच पेढे आणले. आज तो पेढा आठवला तरी तोंड कडू होतं.

मग ओजस म्हणाला, डॉक्टरांनी पथ्य सांगितलंय. विरजण लागेपर्यंत भांडं हलवायचं नाही. म्हणजे बाळाला एकाच माणसाचे हात लागले पाहिजेत, आणि ते ताईंचे. "तुझे हात शंभर लोकांनी धरलेल्या स्टिअरिंगवर असतात, राणी. काही दिवसांचाच प्रश्न आहे. तोवर तू त्याला घेताना हातमोजे घाल, तोंडाला मास्क लाव."

"पण विरजण माझंच आहे ना? मग माझा हात लागून काय बिघडतंय?"

"अगं, निवडून घेतलेत ते. सगळे नव्हे."

पटलं. का पटू नये? मी काही रसायनशास्त्र शिकलेली नाही. हातमोजे घालून मी माझ्या पोराला घेऊ लागले. तो रबरी बोटं तोंडात घालायचा आणि थूः करायचा. मग ओजसनंच माझ्यासाठी पुण्याचा, गाडी शिकवणाऱ्यांसाठीचा काही आठवड्यांचा प्रशिक्षणाचा वर्ग शोधून काढला. टिल्लूचं विरजण लागेपर्यंत नाहीतरी तुझी घालमेल होतेय, तोवर ते उरकून ये म्हणाला. मला वाटलं, काय गुणाचा नवरा! गेले. पुण्याला माझं दूध आटलं. फोनवर रोज टिल्लूचे गाल दाखवायचे, रोज थोडे कमी लाल, आणि मी खोलीत एकटी बसून टाळ्या वाजवायची.

परत आले तेव्हा पोर लोण्यासारखं झालं होतं. गाल, गळा, कोपरं, कुठं एक चट्टा नाही. मी बॅग दारातच टाकली, हातमोजे-बितमोजे काही न घालता त्याला उचललं. त्यानं माझ्या गळ्यापाशी नाक आणलं, क्षणभर थांबला, आणि अंग मागे टाकून रडायला लागला. ताईंनी हात पुढे केले तसा त्यांच्याकडे झेपावला आणि त्यांच्या मानेत तोंड खुपसून गप्प झाला.

"विसरलाय गं. येईल दोन दिवसांत," ताई म्हणाल्या.

दोन दिवसांत नाही आला. आठवडा गेला, तरी नाही. झोप आली की समोरच्या दाराकडे बोट करायचा. एका संध्याकाळी तो ताईंच्या खांद्यावर झोपला असताना मी वाकून त्याची टाळू हुंगली. आधी तिला एक वास होता, भाजलेल्या रव्यासारखा. तो गेला होता. आता भिजत घातलेल्या मेथ्यांचा वास येत होता, अगदी हलका. हा वास मला माहीत होता. लग्नानंतर पहिल्या दिवाळीला ताईंनी मला मिठीत घेतलं होतं तेव्हापासनं माहीत होता.

ओजसनं माझ्या कमी झोपेचा विषय काढला तो तेव्हा.

पुढची तपासणी होती त्या दिवशी मी ओजसला न सांगता टिल्लूला घेऊन एकटीच दवाखान्यात गेले. बाईंनी चकती टेकवली. पडद्यावर पिवळ्याचा ठिपकासुद्धा नव्हता, सगळं निळं.

"फार सुंदर लागलंय तुमच्या नणंदेचं विरजण," बाई म्हणाल्या.

"माझं, डॉक्टर. माझं लावलंय ना?"

त्यांनी चष्मा काढला. "तुम्हाला ओजस काही बोलले नाहीत?"

मग त्यांनी सांगितलं. माझ्या नाकात आणि हातांवर सोनेरी स्टॅफ मुक्कामाला होता. दहातल्या तिघांच्या नाकात तो असतो, त्यांना स्वतःला काहीसुद्धा होत नाही. पण टिल्लूची कातडी कच्ची. मलमानं त्याचे चट्टे मावळायचे, आणि मी मालिश करून, मुके घेऊन तो सोनेरी त्याला पुन्हा देत होते. रोज. तेल लावून, ओव्या म्हणत.

मी टिल्लूला टेबलावर बसवलं आणि माझे हात पाठीमागे घेतले. ते कुठं ठेवावेत कळेना.

"तुमची चूक नाही यात," बाई घाईघाईनं म्हणाल्या. "आणि उपाय अगदी साधा होता. तुमच्या नाकात मलम, हातांची काळजी, आणि मग तुमच्यातलेच चांगले जीवाणू वाढवून तुम्हालाच लावायचे. थोडे आठवडे. मी ओजसना तेच म्हटलं, आईवर आधी उपचार करू आणि मग तिचंच विरजण बाळाला लावू. तोवर स्टेरॉइडवर त्याला सांभाळता आलं असतं."

"मग?"

"ते बाहेर जाऊन फोन करून आले आणि म्हणाले, तुम्ही नको म्हणालात. औषधांची भीती वाटते म्हणालात."

"मी?" माझा आवाज बाहेरपर्यंत गेला असणार. "मला तुम्ही एक फोन नाही केलात?"

बाई चष्मा पुसत म्हणाल्या, "करायला हवा होता."

"आता माझं लावा. ह्याचं पुसून माझं लावा."

त्यांनी हळूच मान हलवली. "लागलेल्या दह्यात दुसरं विरजण घालून काय होणार? मोडायचं म्हटलं तर प्रतिजैविकं मारावी लागतील, आणि कातडी पुन्हा पहिल्यासारखी चिघळेल. कराल?"

टिल्लू टेबलावर बसून स्वतःचा गुळगुळीत गुडघा चाटत होता. मी नाही म्हणाले. दुसरं काय म्हणणार?

घरी आले. ओजस आणि ताई जेवायच्या टेबलाशी शेंगा सोलत बसले होते. टिल्लूनं ताईंकडे हात पसरले. मी त्याला सोडलं नाही. तो रडत राहिला आणि मी त्या रडण्यातच बोलले.

"दवाखान्यात गेले होते. मी नको म्हणाले होते म्हणे उपचाराला. कधी म्हणाले होते रे मी?"

ओजसच्या हातातली शेंग तशीच राहिली. "हे बघ, शांतपणे ऐक."

"शांत आहे म्हणूनच विचारतेय."

"तू बाळंतपणानंतर कशी झाली होतीस, आठव. त्यात तुला सांगायचं, की तुझ्यामुळेच त्याला होतंय? मोडून पडली असतीस तू."

"पडले असते. रडले असते, डोकं आपटलं असतं, आणि सकाळी उठून नाकात मलम घालून रांगेत पहिली उभी राहिले असते! तेवढं ओळखलं नाहीस मला? इतकी वर्षं काय माझा फोटो बघत होतास?"

"मला त्याचं रक्त बघवत नव्हतं."

"आणि मला बघवत होतं? माझ्या दुधाचं काय? पुण्याला पाठवलंस मला. गुणाचा नवरा म्हणून मी लोकांना सांगत फिरले!" मला माझ्या गाडीतला दुसरा ब्रेक आठवला. एवढे दिवस मी स्टिअरिंग धरून बसले होते, आणि ही दोघं पाय ठेवून होती.

ताईंनी टरफलं गोळा करून एका बाजूला सारली. "त्याला एकट्याला बोलू नकोस. थांबू नको, असं मीच म्हणाले त्याला. माझं तयार होतं, लगेच लावण्यासारखं. पोर सोलून निघत होतं गं."

"आणि मला सांगायचं नाही, हे कोण म्हणालं?"

"तेही मीच."

"का, ताई?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही, टिल्लूकडे पाहिलं. "आधी तुझ्यासाठीच. नंतर तो माझ्या अंगावर झोपायला लागला. मग सांगावंसं वाटेना. खोटं नाही बोलणार."

"आता नाही बोलणार! आधी बोलून पोट भरलंय ना वन्सं."

लग्नापासून मी त्यांना वन्सं म्हणून कधी हाक मारली नव्हती. आमच्या पिढीत कुणी मारत नाही. त्यांचा चेहरा उतरला. माझ्या कडेवर टिल्लू आता हुंदके देत होता, आणि खरं सांगते, मला त्या क्षणी त्याचाही राग आला. त्या एवढ्याशा जिवाचा. मग त्याची लाज वाटून मी त्याला ओजसकडे दिलं आणि न्हाणीघरात जाऊन हात धूत राहिले. साबण संपला तरी धूत राहिले.

दुसऱ्याच दिवशी मी माझे उपचार सुरू केले. नाकात मलम, हातांना पथ्य. पिवळा गेला. मग माझ्या दंडावर चकती टेकवून बाई म्हणाल्या, तुमचे त्या वेळचे नमुने आता टिकलेले नाहीत आणि औषधानंतर चांगले जीवाणू थोडेच उरलेत, बाहेरनं विरजण लावलं तरच सोनेरी परत येणार नाही. त्यांनी फ्रीज उघडला. आत टिल्लूच्या मलमाच्या डब्या होत्या, ताईंचं नाव लिहिलेल्या.

"हेच लावू. बाळाच्या अंगावर हेच आहे, त्यामुळे तुमच्या हातानं त्याला कधीच त्रास होणार नाही. आणि वास ओळखीचा असल्यामुळे तो तुमच्याकडे येईलही."

"नको," मी म्हणाले.

"अहो, रागाच्या भरात..."

"रागातच आहे. पण लावायला नको म्हणत नाहीये. ह्या डबीतलं नको." मी टिल्लूचं झबलं वर केलं. "ह्याच्या पाठीवरनं घ्या."

"जीव तेच आहेत हो. काडीचा फरक नाही."

"असू दे. विरजण कुणाचंही असो, दही ज्याच्या घरी लागतं त्याचं असतं. मी माझ्या पोराकडनं घेईन. त्या बाईकडनं घेणार नाही."

बाईंनी फ्रीजचं दार लावलं आणि टिल्लूच्या पाठीवरनं कापसाची काडी फिरवली. त्याला गुदगुल्या झाल्या, तो खिदळला.

मलम तयार झालं. मी ते रोज हातांना, गळ्याला, छातीला चोळलं. माझ्या अंगाचा वास बदलत गेला तो मला कळत होता. ओढणीला, उशीला, माझ्याच तळहातांना मेथ्यांचा वास यायला लागला. कणीक मळताना यायचा. गाडीत शिकाऊ माणूस शेजारी बसलेला असताना यायचा. भाजलेल्या रव्याचा तो वास बहुधा माझा होता, टिल्लूला माझ्याकडनंच मिळालेला. तो आता दोघांच्याही अंगावर उरला नाही.

आणि एका दुपारी तो सतरंजीवर खेळता खेळता रांगत माझ्याकडे आला. माझा तळहात त्यानं स्वतःच्या तोंडाशी ओढला, नाक त्यात खुपसलं, आणि तसाच झोपला. हातमोजा नव्हता. मी हललेसुद्धा नाही. मुंग्या आल्या हाताला, येऊ दिल्या. आनंद झाला का? झाला. पण आनंदात अशा शिव्या द्याव्याशा वाटतात का कधी? मला वाटत होत्या. माझ्याच पोरानं मला ओळखावं म्हणून मला दुसऱ्या बाईचा वास अंगाला लावून घ्यावा लागला.

ओजसशी मी बोलते. भाजी कुठली आणायची, टिल्लूची लस कधी आहे, एवढंच. तो रोज काहीतरी बोलू पाहतो. बघू.

त्या दुपारी टिल्लू झोपून उठल्यावर मी त्याला कडेवर घेतलं आणि स्वयंपाकघरातनं ताईंची वाटी काढली. भांडण झालं त्या दिवसापासून ती आमच्याकडेच होती. स्वच्छ घासली, पुसली. साखरेचा डबा समोरच होता. मी समोरचं दार वाजवलं. ताईंनी उघडलं. त्या खूप वाळल्यासारख्या दिसत होत्या. टिल्लू त्यांच्याकडे बघून हसला, पण माझा गळा त्यानं सोडला नाही.

मी वाटी पुढे केली. ताईंनी ती दोन्ही हातांनी घेतली आणि सवयीनं आत पाहिलं.

"साखर विसरलीस गं," त्या हळूच म्हणाल्या.

"नाही ताई," मी म्हणाले. "विसरले नाही."